पुडीच्या कागदावरचं ॲडिलेड

अक्कांनी वाण्याकडची पुडी कधी फाडली नाही. दोरा सोडवायचा, जिन्नस डब्यात ओतायचा, कागद मांडीवर घेऊन तळहाताने सपाट करायचा आणि भिंतीपलीकडून मला हाक मारायची, "ओ कोकनवाली, देख माय, काय लिखेल शे यामा."

धुळ्याहून जळगावला जाताना लागणाऱ्या एका लहान गावात आम्ही शेजारी होतो. माझे यजमान तिथल्या कापसाच्या जिनात कारकून. मी रत्नागिरीकडची, तिसरीतच शाळा सुटलेली. माहेर दोन दिवसांच्या वाटेवर, त्यामुळे जाणं नाहीच. अक्कांची बोली कळायला मला चार महिने लागले. माझं वाचन मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून आवडलं. त्यांना अक्षर येत नव्हतं आणि शेजारणीला येतं, हे त्यांनी गल्लीभर सांगून टाकलं. तेव्हापासून कागद हाती आला की मी आधी अडणारी जोडाक्षरं शोधायचे.

जाहिरात असो, कोर्टाची नोटीस असो, त्यांना काहीही चाले. केस वाढवणाऱ्या तेलाची जाहिरात ऐकून म्हणाल्या, "तेल इकनाराना सोताना डोकावर केस शेत का, ते नही लिखेल?"

एकदा गुळाबरोबर एका जुन्या मासिकाचं पान आलं. ऑस्ट्रेलियातल्या ॲडिलेड शहराची हकिगत होती. एका कर्नलने आधी रेघा मारून रस्ते आखले, मधे चौक सोडले, आणि शहराभोवती सगळीकडून झाडांचा पट्टा राखला.

"लुगडाले काठ ऱ्हास तसा," अक्का म्हणाल्या. डोळे मिटून त्यांनी ते गाव मनातल्या मनात नेसून पाहिलं असावं.

मी पुढे वाचलं. सुरुवातीला तिथे नदीचं पाणी पिंपांत भरून गाड्यांवरून नेत, मग नळ आले. हे ऐकून अक्का ताठ बसल्या. आमच्या गल्लीतल्या बायका उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरे खणून पाणी आणत. पेठेपर्यंत नळ आला होता, पण आमच्याकडे काही वळत नव्हता.

"तठे पानी कोनी आनं?"

नेमका त्या ओळीवर गुळाचा डाग होता. मला दिसलं तसं मी वाचलं, "गाऱ्हाणे असेल त्याने शहराच्या माहेराकडे जावे."

"गावले बी माहेर ऱ्हास?"

"असं लिहिलंय खरं."

"सारा गावनं एक माहेर. हुशार लोके शेत," अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या वाण्याला सांगू लागल्या, "आडीलेडना कागदमा बांध." तो वैतागून म्हणाला, "अक्का, तुम्हाला जिरं पाहिजे का गाव?" त्या म्हणाल्या, "दोन्ही दे." घरात हिंग, जिरं, धने साठत गेले. पानं मागेपुढे येत होती. अशाच एका स्वच्छ पानावर मला 'मेयर' हा शब्द भेटला. यजमानांना विचारलं तर म्हणाले, मेयर म्हणजे नगराध्यक्ष. मी गुळाचं पान पुन्हा उजेडात धरलं. गुळाखाली तोच शब्द होता.

तोवर अक्कांनी गावाच्या माहेरी गाऱ्हाणं न्यायला माझ्यासकट नऊ बायका जमवल्या होत्या. गल्लीला वाटत होतं, या वेळी पाणी येणार. मला वाटत होतं, माझ्या तिसरीच्या शाळेपायी अक्कांचं हसं होणार आणि पाणी कायमचं राहणार. रोज सांगायला जायचे आणि रोज तशीच परत यायचे.

गावचे अध्यक्ष नानासाहेब मोठे वकील. गावाचं माहेर म्हणजे त्यांचंच घर, असं अक्कांनी ठरवून टाकलं होतं. अक्का त्यांची कचेरीची खोली ओलांडून आम्हाला थेट माजघरात घेऊन गेल्या. "वहिनी, आम्ही माहेरले उनूत," असं नानांच्या पत्नींना सांगून पाय धुऊन बसल्या. वहिनींना काही उमगेना, पण माहेरी आले म्हणणाऱ्या बाईला ऊठ कोण म्हणणार? त्यांनी गूळपाणी पुढे केलं.

नाना आत आले. "अक्का, हे काय?"

"आंडेरी उन्यात, नाना. बोयवन करशात तवय जासूत."

आंडेर म्हणजे लेक; ती सासरी परत निघाली की लुगडं देऊन तिची बोळवण करतात. नाना म्हणाले, "दहा जणींची बोळवण?"

"लुगडं नको. गल्लीमा नळ द्या."

"हे कोणी शिकवलं?"

"आडीलेडमा असंच शे. दे माय, कागद दे."

मी कागद दिला. त्याला अजून मुंग्या लागत होत्या. नानांनी नखाने डाग खरवडला आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "हे माहेर नव्हे, मेयर आहे. वाचलं कोणी?"

मी अक्कांच्या पाठीमागे सरकले.

"मेयर म्हंजे काय?" अक्कांनी विचारलं.

"नगराध्यक्ष."

"आपला गावमा नगराध्यक्ष कोन शे?"

"मी."

"मंग घर बराबर शे," अक्का म्हणाल्या आणि मांडी बदलून बसल्या.

आधी वहिनी हसल्या, मग नानांनाही हसू आवरेना. वहिनींनी आमच्या ओट्या भरल्या आणि नवऱ्याला बजावलं, "लेकी रिकाम्या हाताने जायच्या नाहीत हं." पुढच्या सभेत पहिला विषय आमच्या गल्लीचा घेतो, असा शब्द घेऊनच आम्ही उठलो.

वाटेत मी रडतच म्हटलं, "अक्का, मी आता वाचणार नाही. चुकते मी."

"चुकनी म्हनून तं एवढं व्हयनं. त्या कर्नलनं पुढे काय व्हयनं, ते वाच उद्या."

अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी आज चार ओळी लिहिते, ते त्या दिवशी त्यांनी मला गप्प बसू दिलं नाही म्हणून.

त्या वर्षी शेवटचं पान धन्यांबरोबर आलं. कर्नलने निवडलेली जागा पुष्कळांना पसंत नव्हती. कटकटींना कंटाळून त्याने काम सोडलं, वर्ष-सव्वा वर्षात आजाराने वारला, आणि त्यानेच आखलेल्या एका चौकात त्याला पुरलं. आता दरवर्षी तिथले कारभारी त्याच्या नावाने पेला उचलतात.

"आखनारालेच तरास दिधा," अक्का म्हणाल्या. "पन दरसाल त्याना नावनं पानी पितस, हाई बरं शे."

पेल्यात दारू असते, हे मी वाचलं नाही. ही एक चूक मात्र जाणूनबुजून केली.

दसऱ्याच्या आधी नळ आला. धुळ्याच्या रहीमभाई मिस्त्रींनी पेठेपासून गल्लीपर्यंत चुन्याची रेघ मारली होती, तिच्यावरून नळी आली. तोटी सोडायला नाना आले. पाणी आधी फुसफुसलं, मग धो धो सुटलं. अक्कांनी पहिला तांब्या भरला. नानांनी हात पुढे केला. अक्का त्यांच्या बाजूने वळसा घालून गर्दीमागे उभ्या असलेल्या रहीमभाईंपाशी गेल्या.

"भाऊ, पहिलं तुमी प्या. रेघ तुमनी शे."

रहीमभाईंनी चुन्याचे हात सदऱ्याला पुसले, ओंजळ धरली आणि तांब्या संपेपर्यंत ते पाणी प्यायले. नानांनी पुढे केलेला हात हळूच दुसऱ्या हातात धरला आणि मान डोलावली. मग अक्का आमच्याकडे वळल्या.

"आते भरा, बायास्वन."