फुलावरचं रोप

रतनगडावरचा झाडपाला कडूबाईला तोंडपाठ, म्हणून पुण्याचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक दर भाद्रपदात तिलाच वाट दाखवायला नेत. खरचुडी या रानफुलाचा कंद तीही खाई, पण बी झडल्यावरच. फुलावरचं रोप उपटणं म्हणजे गर्भारणीला मारणं, असं तिची सासू सांगे. या शिकल्यासवरल्यांना मात्र फुलावरचंच हवं, तेही कंदासकट, संग्रहासाठी वर्तमानपत्रात दाबून वाळवायला! एकाहत्तर साली त्यांनी कड्यावरची अकराच्या अकरा रोपं उपटली.

"बाई, ही वनस्पती फार दुर्मीळ आहे बरं," हाताची माती झटकत साहेब म्हणाले.

रिकाम्या खड्ड्यांकडे बघून ती पचकन थुंकली.

"सकाळपातुर न्हवती, सायेब!"