नाना आणि धुळ्यातली थंडी

लोखंडाच्या तुकड्याची विचारपूस करणारा माणूस मी नानांच्या आधी पाहिला नव्हता. धुळ्याच्या आमच्या तंत्रशाळेत ते कसोटीच्या खोलीचे प्रमुख, मी त्यांचा मदतनीस. बर्फ-मिठाच्या पिंपात तुकडा सोडला की ते वाकून विचारत, "काय भाऊ, थंडी वाजस का?" पहिल्या दिवशी मी हसलो. दुसऱ्या दिवसापासून जळगावहून बर्फ आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

नाना पूर्वी एका जहाजाच्या कारखान्यात होते. वरिष्ठांशी भांडून गावी परतले, पण समुद्र डोक्यातून गेला नाही. एका मे महिन्यात त्याच कारखान्याचं कसोटीचं यंत्र बिघडलं आणि बर्फाळ समुद्रात जाणाऱ्या जहाजाच्या पत्र्याचे, वेल्डिंग केलेले तुकडे घेऊन तिथले साहेब आमच्याकडे आले. कडक थंडीत धडधाकट पोलादही काचेसारखं फुटू शकतं. म्हणून तुकडा गोठवायचा, झटकन यंत्रात ठेवायचा आणि त्यावर जड लोलक सोडायचा. वाकला तर पास, मोडला तर नापास.

"एवढं पास झालं की तुमची जुनी खुर्ची तुमचीच, नाना," साहेब म्हणाले. नाना बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

बाहेर झळा. पाहुणा घामानं निथळलेला. पिंपात भर घालायला राखलेला बर्फ मी फोडला आणि लिंबाच्या शरबतात घालून त्यांच्यापुढे ठेवला. पाहुणचारात आम्ही खानदेशी मागे हटत नाही.

लोलक सुटला. धप्प! तुकडा वाकला, मोडला नाही. साहेबांनी टाळी वाजवली. नानांची नजर मात्र त्यांच्या ग्लासवर.

"हाऊ बरफ कोठून उना?"

मी पिंपाशेजारच्या रिकाम्या पोत्याकडे बोट दाखवलं. नानांनी पिंपात उष्णतामापक बुडवला. पारा चांगलाच वर चढला होता.

"पाहुणा गार झाया, तुकडा गरम! ही कसोटी रद्द."

"अहो नाना, माझी गाडी चुकेल," साहेब कळवळले. "आणि पत्रे कापून झालेत. आता नापास म्हणालात तर खुर्चीचं काही सांगता येणार नाही."

"गाडी उद्या बी शे. बुडी गयेल माणूस उद्या कोठून आणशात?"

एकच तुकडा उरला होता. दुसऱ्या दिवशी पहाटेच मला जळगावला पिटाळलं. परतीच्या बसमध्ये भुसा घालून पोत्यात गुंडाळलेली लादी मांडीवर. पारोळ्याला बस थांबली तेव्हा कंडक्टर म्हणाला, "थोडा दे ना भो, घसा सुकना." मी पोतं खाली ठेवून त्यावरच बसलो. बर्फावर बसून घामाघूम झालेला माणूस आमच्या जिल्ह्यात मी पहिलाच असेन.

नानांनी खिडक्या लावून घेतल्या. तुकड्याबरोबर चिमटाही पिंपात ठेवला. गरम चिमट्याचा भरवसा नव्हता. भर घालायला मला पिंपाजवळ उभं केलं, साहेबांना पाण्याचा माठ दाखवला. पारा पुरता उतरेपर्यंत थांबलो. मग नाना वाकले, पण या वेळी त्यांनी तुकड्याला काही विचारलं नाही. चिमटा, यंत्र, लोलक.

टक्.

दोन अर्धे भिंतीवर आदळले. मोडलेली बाजू साखरेसारखी चमकत होती. वेल्डिंगचा जोड शाबूत होता. त्याला लागून असलेलं पोलादच तुटलं होतं. साहेब खाली बसले. नानांनी दोन्ही अर्धे उचलून त्यांच्या हातात दिले.

"नापास. खुर्ची तुमनी तुम्ही ठेवा."

पुन्हा तिथून तुकडे आले नाहीत, की बोलावणंही आलं नाही. नानांनी समुद्राचं नाव काढलं नाही.

शेवटच्या आजारपणात त्यांना पाणी गिळवत नव्हतं. डॉक्टरांनी बर्फाचे खडे चघळायला सांगितले. मी जळगावहून लादी आणली, पुन्हा तशीच, पोत्यावर बसून. चमचा ओठाशी नेला, तर त्यांनी माझा हात धरला.

"तपासाले काही बाकी शे का?"

"काही नाही, नाना."

"मंग दे."