प्लासिडच्या रायफलीचा दस्ता

...तर दस्ता मोडला तो बाटलीच्या जबड्यावर, इथवर काल आलो होतो. तेवढ्यात जेवणाची हाक आली आणि खरी मजा राहूनच गेली. प्लासिड विहिरीच्या कठड्याला पाठ लावून उभा. हातात रायफलीची नुसती नळी, दस्ता पायाशी पडलेला, आणि समोर बाटली नावाचा तो दांडगा गडी गुडघ्यांवर बसून केळीच्या पाल्यातून स्वतःचे दात वेचतोय.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागे जातो.

प्लासिड भुईगावचा. फौजेत हवालदार होऊन परत आला आणि बापाच्या वाडीत वेलची केळी, पानवेली आणि कडेनं चाफा करू लागला. फौजेतून आलेल्या माणसाला हात रिकामा बरा वाटत नाही. त्यानं परवाना काढला आणि तीनशे पंधरा बोअरची एक रायफल घेतली. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, मधासारखा रंग. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की ओट्यावर बसून त्याला अळशीचं तेल चोळायचं, हा त्याचा नेम.

बायको मटिल्डा म्हणायची, "माझ्या केसांना कधी इतकं तेल लावलंत?"

"तुझे केस पावसात फुगत नाहीत," प्लासिड म्हणायचा.

खोटं नव्हतं ते. आपली खारी हवा लाकूड पितं. पावसाळ्यात दस्ता फुगायचा, नळीला दाबायचा, आणि गोळी नेम एकीकडे धरला तर दुसरीकडे जायची. एकदा किनाऱ्यावर पिसाळलेलं कुत्रं आलं. दोन शेळ्यांना चावलं, युजीनच्या वासराचं नाक फाडलं. प्लासिड सुरूच्या बनात दबा धरून बसला आणि त्यानं गोळी झाडली. गोळी गेली वर, आग्नेलच्या ताडावरचं मडकं फुटलं, आणि ताडीची आंघोळ झालेलं कुत्रं सरळ प्लासिडच्या अंगावर आलं. दुसरी गोळी भरायला सवड कुठली? नळी दोन्ही हातांनी धरून त्यानं दस्त्यानं ते कुत्रं ठेचलं. वाळू लाल झाली, कुत्र्याचं डोकं कुठलं आणि वाळू कुठली कळेना. गाव शाबासकी देत होतं आणि आग्नेल एकटा मडक्यासाठी हळहळत होता. दस्त्याला मात्र मानेपाशी, जिथे मूठ धरतात तिथे, बारीक चीर गेली. प्लासिडनं तिच्यावर पितळेची तार गुंडाळली आणि नेम चालू ठेवला.

आता गोळ्यांचं ऐका, कारण सगळं रामायण त्यांच्यापायी झालं. एका नाताळला प्लासिड दोन पेले जास्त घेऊन आभाळात बार काढायला निघाला होता. मटिल्डानं रायफल हिसकावली नाही, तिनं गोळ्या घेतल्या. घरातल्या आल्ताराखालच्या, म्हणजे क्रुसाच्या देव्हाऱ्याखालच्या, कपाटात ठेवल्या, किल्ली कमरेला लावली आणि सांगितलं, "बंदूक तुमची, बार माझा." ही गोष्ट गावभर झाली. लग्नाच्या मांडवात, फुलांच्या बाजारात, जो तो प्लासिडला विचारी, "काय हवालदार, आज किल्ली मिळाली काय?" तोही हसायचा. गावाच्या थट्टेला कुलूप नसतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

मग टँकरचे दिवस आले. नालासोपाऱ्यात बिल्डिंगी उभ्या राहिल्या, नळाला पाणी नाही, आणि टँकरवाले आपल्या वाड्यांच्या विहिरी उपसायला लागले. प्लासिडची विहीर त्याच्या आणि चुलतभाऊ ॲन्सेल्मच्या सामाईकीत. एक दिवस ह्याची पाळी, एक दिवस त्याची. आजोबांपासून कुणी मोडली नव्हती. ॲन्सेल्मनं आपली पाळी टँकरवाल्याला दिली. पाणी खाली गेलं, मचूळ झालं, केळीची पानं कडेनं करपली.

प्लासिड म्हणाला, "अरे, तळाला समुद्र लागलाय."

ॲन्सेल्म म्हणाला, "माझी पाळी. मी तिची आमटी करीन नाहीतर विकीन."

हेही प्लासिडनं गिळलं. पण एका रविवारी त्याच्या स्वतःच्या पाळीला टँकर वाडीत शिरला. प्लासिड पहाटेची मिस्सा करून आला होता, मटिल्डा दुसऱ्या मिस्सेला गेली होती. पाइप विहिरीत सोडलेला, पंप धडधडतोय. प्लासिडनं रायफल उचलली. रिकामी आहे हे आपल्याला ठाऊक, त्यांना थोडंच ठाऊक, असा त्याचा हिशेब.

तिघे होते. ड्रायव्हर, कोयतेवाला एक, आणि टँकरवाल्याचा उजवा हात, तो बाटली. बाटलीनं रायफल बघितली आणि व्हॉल्व्ह उघडायची लोखंडी दांडी खांद्यावर टाकून हसला.

"काका, काकी मिस्सेला गेली ना? मग किल्ली?"

ॲन्सेल्मनं थट्टेत सांगितलं असणार. प्लासिड तरीही पाइप ओढायला वाकला. पहिली दांडी त्याच्या बरगड्यांवर बसली. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. कोयतेवाल्यानं खांद्यावर घाव घातला, सदरा आणि मांस एकदमच उकललं. प्लासिडनं नळीचं तोंड त्याच्या पोटात असं खुपसलं, की तो ओकत मागे गेला आणि कठड्यावरून उलटा विहिरीत पडला. तिथे पाइपला मिठी मारून आईच्या नावानं ओरडत राहिला. बाटलीची दुसरी दांडी प्लासिडच्या पंजावर आली. करंगळी तिथेच लोंबायला लागली.

मग मात्र प्लासिडमधला हवालदार जागा झाला. गोळी संपल्यावर काय करायचं, हे फौजेनं त्याला वर्षानुवर्षं शिकवलं होतं. रायफल उलटी झाली, कमरेतून झोका गेला. पितळेची तार तटकन तुटली, दस्ता मानेत मोडला, आणि बाटलीचा जबडा एका बाजूला सरकला.

ड्रायव्हर पळाला. तोवर मिस्सा सुटली होती. कोट घातलेले पुरुष, ठेवणीतली लुगडी नेसलेल्या बायका, सगळे वाडीत घुसले. काचा फुटल्या, टायर पेटले, टँकर जळायला लागला. विहिरीतल्याला दोरानं वर काढला, आणि वर काढून पुन्हा मारला. गर्दीत मटिल्डानं नवऱ्याच्या खांद्यावर पदर दाबून धरला. कमरेची किल्ली वाजत होती.

पुढे पोलीस, इस्पितळ, कोर्ट. डॉक्टर म्हणाले, फटका चार बोटं वर बसता तर बाटली उठलाच नसता. दोन्हीकडून मोठमोठ्या माणसांची नावं निघायला लागली तशी तडजोड झाली. कोर्टाच्या व्हरांड्यात बाटली वाकड्या तोंडानं प्लासिडला म्हणाला, "काका, विहीर तिथेच आहे. आम्हीपण इथेच आहोत. पुढच्या वेळी दहा जण येऊ."

रायफल परत मिळाली ती गोणपाटात, दोन तुकड्यांत. नवा दस्ता बसवायला प्लासिड मुंबईला बंदुकीच्या दुकानात गेला. मटिल्डाचा भाऊ फ्रेडरिक बरोबर होता. तो जहाजावरचा माणूस, त्याला सगळं नवं आवडतं. दुकानदारानं काउंटरवर दोन दस्ते ठेवले. एक अक्रोडाचा, एक काळा, फायबरचा.

"हा पाणी पीत नाही, फुगत नाही, तेल मागत नाही," असं म्हणत दुकानदारानं काळा दस्ता उचलून दुकानाच्या दगडी पायरीवर दणादण आपटला. ओरखडासुद्धा नाही. "आणि आयुष्यात मोडणार नाही."

तो दणका ऐकून प्लासिडचा मोडका हात आपोआप छातीशी गेला.

फ्रेडरिक म्हणाला, "भाऊजी, ह्यात विचार कसला करता? ते दहा जण येणार म्हणतात."

प्लासिडनं दुकानदाराला विचारून काळा दस्ता एका जुन्या रायफलीला बसवून घेतला. नळी धरली, पाय रोवले आणि दुकानातच एक झोका दिला. हवा कापल्याचा आवाज आला. गिऱ्हाइकं भिंतीला चिकटली. हलका, नेमका, हातातून जरासुद्धा सुटत नव्हता. प्लासिडच्या कपाळावर घाम आला. त्यानं रायफल हळूच काउंटरवर ठेवली आणि अक्रोडाचा दस्ता जवळ ओढला.

फ्रेडरिक चिडला. "पुन्हा लाकूड? भाऊजी, मागच्या वेळी पहिल्याच फटक्याला मोडलं ते. मरायचंय का तुम्हाला?"

तेव्हा प्लासिड जे बोलला ते फ्रेडरिकनं मला जसंच्या तसं सांगितलं: "फ्रेडी, मी जबड्यावर मारलंच नव्हतं, मी त्याच्या कानशिलावर मारलं होतं, जीव घ्यायलाच. लाकूड मोडलं म्हणून फटका खाली घसरला. ते परत येणार आणि माझा हात परत तिथेच जाणार, मला माझा हात माहीत आहे. शेठ, लाकडाचाच द्या, आणि जरा जुना असला तर बघा."