अकरावा गोटा

त्या दिवशी मामा प्यालेले नव्हते. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आजवर मी कोणाला, घरी बायकोलासुद्धा, सांगितलेलं नाही. मामींना अजून वाटतं की ते प्यालेले होते.

मामा म्हणजे आमचे डोंगरावरचे वाटाडे. आम्ही वर्ध्यातली नोकरदार मंडळी. कोणी बँकेत, कोणी शाळेत, मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत. थंडीत शनिवारी कारंज्याकडच्या डोंगरावर चढायचं, वर तंबू ठोकायचे, रविवारी उतरायचं, हा आमचा छंद. पायथ्याच्या गोंड वस्तीतले मामा आम्हाला वर नेत. साठीचे, काटकुळे, पायात टायरच्या चपला. सामान म्हणाल तर खताच्या पोत्याची शिवलेली झोळी. तीत दोर, विळा, भाकरी आणि पाण्याची बाटली.

निघण्याआधी ते प्रत्येकाची सॅक एका बोटाने उचलून पाहत. जड लागली की विचारत, "हे तुमाले नेऊन राह्यलं, का तुमी याले नेऊन राह्यले?"

माझ्या सॅकवर त्यांचा विशेष लोभ होता, कारण मला सामानाचा सोस. फुगवायची उशी, गॅसची छोटी शेगडी, दोन टॉर्च, डिसेंबरात रेनकोट. एकदा मी घडीची खुर्ची आणली. मामांनी ती उघडली, बसून पाहिलं, आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "साहेब, वर बसाले गोटे कमी पडले का?" सकाळी मी स्लीपिंग बॅगमधून वळवळत बाहेर येऊ लागलो की चुलीपाशी बसून ओरडत, "पहा हो, साहेब कात टाकून राह्यले!"

तुम्ही अशी माणसं पाहिली असतील. चेष्टा करता करता तुमच्या बुटाची नाडी सुटलेली आहे हे त्यांनाच आधी दिसतं.

पायथ्याशी ऐनाच्या झाडाखाली त्यांचा देव होता. तिथे ते गोंडीत काही पुटपुटत आणि स्वतःचा एक गोटा ठेवून प्रत्येकाला एकेक ठेवायला लावत. उतरल्यावर ज्याने त्याने आपला उचलून बाजूला टाकायचा. आमचा म्होरक्या बँकेतला. तो म्हणे, "मामा, मी ग्रुपवर हजेरी घेतो ना!"

"तुमचा फोन वर लागत नाई, साहेब. देवाले रेंज हाये. गोटा हाये तवर मानूस वर हाये."

याच देवासमोर त्यांनी चार वर्षांपूर्वी दारू सोडली होती. मुलीच्या लग्नात पिऊन मांडवातच पडले होते म्हणून. "चार वर्सं झाले, थेंब नाई," असं मामी आम्हाला चहा देताना दर वेळी सांगत. मामा लाजून झोळी झटकत.

त्या खेपेला आम्ही अकरा जण होतो. मी नवी, मोठी सॅक घेतली होती. अर्ध्या चढावर माझा दम संपला. मामांनी ती डोक्यावर घेतली. कोणीतरी फोटो काढला, कोणी ओरडलं, "मामा, आता साहेबालेच उचला!" संध्याकाळभर तेच चाललं. रविवारी सकाळी तंबू आवरताना पुन्हा तेच. मी सॅक पाठीला लावली आणि कोणाला न सांगता पलीकडच्या गाडवाटेने उतरलो. ट्रॅक्टर मिळाला, हायवेवर बस मिळाली. दुपारी मी घरी जेवत होतो.

बाकीचे दोघं-तिघं करत उतरले आणि आपापल्या गाड्यांनी गेले. प्रत्येक गाडीला वाटलं, मी दुसऱ्या गाडीत आहे. संध्याकाळी म्होरक्याने ग्रुपवर विचारलं, तेव्हा सगळ्यांसारखंच मीही लिहिलं, "पोचलो."

मामा नेहमी सर्वांत मागून उतरत; चूल विझवून, आमचा कचरा झोळीत भरून. ते खाली आले तेव्हा झाडाखाली त्यांच्या स्वतःच्या गोट्याशिवाय आणखी एक उरला होता. ते परत चढले.

सोमवारी सकाळी फोन आला. मामा कड्याखाली सापडले, कंबर मोडली, दवाखान्यात नेलंय. मी मोटरसायकलने सगळ्यांच्या आधी पायथ्याशी पोचलो. झाडाखाली दोन गोटे. माझा मी ओळखला, पांढरी रेघ होती त्यावर. तो उचलून मी घाणेरीच्या झुडपात फेकला.

मग बाकीचे आले. म्होरक्याने पाहिलं: एकच गोटा, मामांचा. "सगळे तर उतरले. मग हे परत कशाला गेले?" बकऱ्या चारणारा एक जण म्हणाला, "काल अंधार पडेपर्यंत मामा 'साहेब, ओ साहेब' करून वरडून राह्यलता. आमाले वाटलं, पिला."

"घेतली असेल," म्होरक्या म्हणाला. मी मान खाली घातली. ती हलवली असंही कोणाला वाटलं असेल.

महिन्याने मी संत्री घेऊन त्यांच्या घरी गेलो. मामा खाटेवर होते. मामींनी त्यांच्यासमोरच मला विचारलं, "साहेब, हे म्हनते कोनीतरी वर राह्यलं होतं म्हून गेलो. देवापुढं सोडली, पुन्हा प्याले, अन् आता खोटंबी बोलून राह्यले. तुमीच सांगा, राह्यलं होतं का कोनी?"

"नाही मामी. सगळे आलो होतो."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मोजन्यात माह्यीच चूक झाली असन. जाय, साहेबाले चहा ठेव."

मामी आत गेल्या. मामा हळूच म्हणाले, "कोन्या बाजूनं उतरले, साहेब?"

"पलीकडून. ट्रॅक्टर मिळाला."

"बरं केलं. इकडचा कडा तुमाले जमला नसता."

चहा आला. मी तो प्यायलो.

होळीनंतर मामा गेले. मी मयतीला गेलो नाही. शेवटपर्यंत मामी त्यांच्याशी धड बोलल्या नाहीत, असं वस्तीतला एक जण आठवडी बाजारात सांगत होता. माझी सॅक माळ्यावर आहे. जिना चढताना मागून कोणी "साहेब" म्हणून हाक मारली की माझा पाय पायरीवरच थांबतो. वळून बघायला वेळ लागतो. कॉलेजात मला सगळेच साहेब म्हणतात.

तुम्हाला लिहून सांगणं सोपं होतं. मामी त्याच घरात राहतात; दारापर्यंत डांबरी रस्ता झाला आहे. तिथे जाऊन, त्यांच्यासमोर बसून मला सांगायचं आहे की तुमचा नवरा शुद्धीत होता, खरं बोलत होता, आणि मला शोधायला गेला होता. ते मी अजून सांगितलेलं नाही.