पुस्तिकेच्या सातव्या पानावर

संस्थांना पाच-पाच वर्षांचे आराखडे लिहून देणं आणि त्यांच्यासाठी देणगीदार शोधणं, हे माझं काम. लोणखेड्यातल्या घरी मागच्या खोलीत बसून मी ते करते. शेजारच्या बाया आईला विचारतात, पोरगी करते तरी काय? आई सांगते, "ती अर्ज लिखस." तिचं फार चुकत नाही.

तीन वर्षांपूर्वी धडगावकडच्या डोंगरात काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेने मला बोलावलं. संस्थेच्या प्रमुखांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. ते मूळचे सपाटीवरचे, पण उमेदीची वर्षं त्यांनी पाड्यापाड्यांतून पायी फिरण्यात घालवली होती. अडलेल्या बायांना वेळेवर दवाखान्यात पोचवणं हे संस्थेचं मुख्य काम. जुन्या देणगीदाराने हात आखडता घेतला होता. नवा तयार होता, पण त्याची अट होती: आराखडा पुण्याच्या एका नावाजलेल्या सल्लागार बाईंकडून तपासून घ्या. म्हणजे पाड्यांवर फिरून माहिती मी आणायची आणि तिला आकार या पुण्याच्या मॅडमनी द्यायचा.

त्या फिरण्यात मला ती भेटली. नाल्यापलीकडच्या पाड्यावर अंगणात मक्याची कणसं सोलत बसली होती. बोलता बोलता तिने आदल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगितली. कळा सुरू झाल्यावर तिनेच नवऱ्याला सांगितलं होतं, दवाखान्यात न्या. चार माणसांनी बांबूला चादर बांधून झोळी केली आणि चिखलातून, नाल्याच्या कमरेएवढ्या पाण्यातून तिला डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. दीर टेकडीवर चढून दवाखान्याच्या गाडीसाठी फोन करत राहिला, कारण रेंज तिथेच यायची. गाडी निघाली आहे, असं त्याला प्रत्येक वेळी सांगितलं गेलं. ती आली नाही. रस्त्याच्या कडेलाच बाळ झालं आणि थोड्या वेळाने गेलं.

तिने हे सगळं कणसं सोलता सोलताच सांगितलं. मी फोटो मागितला तेव्हा हात थांबले.

"काय करशील त्याचं?" तिच्या बोलीत सगळ्यांना तूच म्हणतात.

"रस्ता नाही, गाडी येत नाही, हे लोकांना कळेल."

"मग घे."

मी घरी येऊन जसं ऐकलं तसं लिहिलं आणि पुण्याला पाठवलं. आठवड्याने मॅडमकडून सुधारलेला मसुदा आला. सातव्या पानावर तिचा फोटो होता आणि खाली मजकूर: अज्ञान आणि अंधश्रद्धेपायी या मातेने दवाखान्यात जायला नकार दिला आणि आपलं बाळ गमावलं. नाला, झोळी, गाडी, काहीच उरलं नव्हतं. पुढच्या पानावर उपाय होता, पाड्यापाड्यावर वर्तनबदलाची सत्रं, म्हणजे लोकांनी कसं वागावं हे शिकवणारे वर्ग.

मी फोन केला. "मॅडम, तिने नकार दिला नव्हता. तीच न्या म्हणाली होती."

"रस्ता हा शासनाचा विषय झाला," त्या शांतपणे म्हणाल्या. "आपला देणगीदार रस्त्याला पैसे देत नाही, वर्तनबदलाला देतो. आणि ही प्रातिनिधिक गोष्ट आहे. आपण नाव कुठे घातलंय?"

"फोटो आहे ना तिचा."

"अगं, तिकडे कोण वाचणार आहे ते?"

त्या वाक्यावर मी फोन आपटायला हवा होता. मी "बरं" म्हणाले. तो "बरं" आठवला की आजही माझ्याच थोबाडीत मारावंसं वाटतं. मला कामाची गरज होती, हे खरं. पण मॅडमना मी घाबरले, हे जास्त खरं.

आराखड्याच्या प्रकाशनाचा कार्यक्रम तालुक्याच्या एका सभागृहात ठेवला होता. देणगीदार कंपनीचे अधिकारी मुंबईहून आले होते, मॅडम पुण्याहून. पाड्यांवरच्या बायांना भाऊंनी जीपने आणलं होतं, पुढच्या रांगा भरलेल्या दिसाव्यात म्हणून. त्यात तीही होती. प्रत्येक खुर्चीवर गुळगुळीत कागदाची पुस्तिका ठेवलेली. अधिकाऱ्यांचं भाषण सुरू असताना ती उठली आणि भिंतीलगत उभ्या असलेल्या माझ्यापाशी आली. सातव्या पानावर तिचं बोट होतं.

"हे तू लिहिलं?"

मी मान हलवली, होय की नाही, ते माझं मलाच कळलं नाही. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग वळून सरळ व्यासपीठापुढे जाऊन उभी राहिली. अधिकारी बोलायचे थांबले.

"मी आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकली," ती म्हणाली. "मला वाचता येतं. यात लिहिलंय, मी दवाखान्यात जायला नाही म्हटलं. मीच न्या म्हटलं होतं. चार माणसांनी उचलून आणलं. गाडी आली नाही. ज्याने हे लिहिलं, तो तिथे होता का?"

आवाज चढलेला नव्हता. अधिकारी म्हणाले, "भाषेत काही त्रुटी असतील तर आपण तपासून घेऊ." मॅडम चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून माझ्या कानाशी आल्या. "यांना जरा बाहेर चहाला ने."

एका बाईचं मेलेलं मूल तिच्याच माथी मारून झालं होतं आणि आता तिला चहा पाजायचा होता. मी पुढे गेले. म्हणाले, "त्या बोलतात ते खरं आहे. त्यांनी मला खरंच सांगितलं होतं. छापायच्या आधी ते बदललेलं मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले." मग मी पहिल्या रांगेपासून पुस्तिका गोळा करायला लागले. जीपने आलेल्या बायांना काय चाललंय ते तिने तिच्या बोलीत सांगितलं, तशा त्याही उठल्या आणि मागच्या खुर्च्यांवरच्या पुस्तिका आणून माझ्या हातात देऊ लागल्या. मॅडम पर्स उचलून निघून गेल्या.

भाऊ माझ्यावर भडकले ते सगळे गेल्यावर. "तुले काय गरज व्हती बोलानी? आते कामवरल्या पोरीसले मी काय सांगू?"

"भाऊ, तुम्ही सातवं पान वाचलं होतं?"

ते खुर्च्यांवर खुर्च्या रचायला लागले. "वाचेल व्हतं," पाठमोरेच म्हणाले.

देणगीदाराचं पत्र आलं, हे काम आमच्या प्राधान्यक्रमात बसत नाही. भाऊंच्या दोन कार्यकर्त्या घरी बसल्या. आमच्या चुकीची शिक्षा अशी भलत्यांनाच मिळाली. मॅडमना काही झालं नाही, त्या अजून परिषदांमधून आदिवासी मातांविषयी बोलतात. वर्तनबदल हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. चिखलातून, पाण्यातून तिला वाहून आणणाऱ्या त्या चौघांचं कोणतं वर्तन बदलायचं होतं?

पंधरा दिवसांनी मी पाड्यावर गेले. तिने बस म्हटलं नाही. मी उभ्यानेच माफी मागितली.

"माफीचं मी काय करू?" ती म्हणाली. "तुला लिहिता येतं ना, मग खरं लिही. त्याच्यावर मी सही करीन."

आम्ही तिथेच ओट्यावर रस्त्यासाठी आणि नाल्यावरच्या पुलासाठी अर्ज लिहिला. मी 'दुर्दैवाने बाळ दगावले' असं लिहिलं होतं. तिने वाचून पेन मागितलं आणि 'दुर्दैवाने' खोडलं. वर लिहिलं, 'गाडी न आल्याने'. ग्रामसभेत तो अर्ज तिने स्वतः वाचला. तालुक्याच्या कचेरीत आम्ही चार खेपा घातल्या. प्रत्येक वेळी साहेब बाहेर गेलेले असायचे. पाचव्या खेपेला पाड्यावरच्या वीसेक बाया सोबत आल्या आणि साहेब येईपर्यंत व्हरांड्यात बसून राहिल्या.

गेल्या उन्हाळ्यात नाल्यापर्यंत मुरमाचा रस्ता झाला. आता जीप तिथवर येते. पूल नाही. पावसाळ्यात अजून झोळी लागते, फक्त अंतर कमी झालंय. याला यश म्हणायला माझी जीभ वळत नाही. भाऊ बोलतात माझ्याशी, पण काम देत नाहीत. ती मात्र बाजाराला आली की कधी फोन करते, कागद घेऊन ये, अर्ज लिहायचाय म्हणते, आणि मी जाते.