आबांचा डावा पाय आणि गिअरचं तेल

आमचे आबा तीस वर्षं शहादा ते धडगाव जीप चालवत होते. घाटातली वळणं त्यांना घरातल्या पायऱ्यांपेक्षा जास्त पाठ. चार वर्षांपूर्वी टपावरची पोती सोडताना ते खाली पडले आणि डावा गुडघा कायमचा ताठ झाला. गुडघा वाकत नाही म्हणजे क्लच दबत नाही, आणि क्लच दबत नाही म्हणजे ड्रायव्हर संपला, असं त्यांनीच ठरवून टाकलं. जीप विकली त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मी त्यांची थोरली. नंदुरबारला एका कचेरीत कारकून आहे, शुक्रवारी संध्याकाळी गावी येते. गेल्या वर्षी मी एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. लोकांना सांगितलं, गर्दीत बरी पडते. खरं कारण एवढंच की तिला क्लच नसतो. गाडी अंगणात उभी केली तेव्हा आबांनी काचेतून आत डोकावून पाहिलं. पायाशी दोनच पॅडल.

"हाई काय गाडी शे? डावा पायले काही कामच नही," असं म्हणून ते खाटेवर जाऊन बसले. मी चावी त्यांच्या शेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी ती तिथेच होती.

मग वर्षभर ते माझ्या शेजारच्या सीटवर बसले. गाडीने आपणहून गिअर बदलला की त्यांची डावी टाच खालच्या मॅटवर दाबली जायची. गुडघा ताठ, पण टाच आपलं काम करायची. मी पाहून न पाहिल्यासारखं करायचे. मला त्यांचा राग यायचा. इतका की पुढचा रस्ता अंधूक दिसायचा. गाडी चालवता येत असताना माणूस असा हट्टाने बसून का राहतो, हे मला कळत नव्हतं.

या हिवाळ्यात गाडी झटके द्यायला लागली. गिअर बदलताना आधी विचार केल्यासारखी थांबायची, मग दणका द्यायची. गावातल्या मिस्तरीने बॉनेट उघडलं, हात जोडले आणि बंद केलं. ऑटोमॅटिकला तो हात लावत नाही म्हणे. मग मी गाडीसोबत मिळालेलं पुस्तक वाचलं, दोन दिवस व्हिडिओ पाहिले आणि त्यात सांगितलेल्या जातीचंच गिअरचं तेल आणलं. शनिवारी सकाळी जुनं तेल काढायला अंगणात घमेलं मांडलं.

"आठे नको," आबा खाटेवरून म्हणाले. "अंगन उतारनं शे."

मला अंगण सपाटच दिसत होतं. त्यांनी तांब्यातलं पाणी ओतलं, आणि ते निमूटपणे गटाराकडे गेलं. गाडी तिरकी असेल तर तेलाची पातळी खोटी दिसते, हे पुस्तकातही होतं, पण पुस्तकाला आमचं अंगण ठाऊक नव्हतं. शेवटी मागच्या खळ्यात गेलो. ते आबांनीच कधीतरी असंच पाणी ओतून सपाट केलेलं. मायने तिथल्या वाळत घातलेल्या मिरच्या एका बाजूला सारल्या आणि शिंकत शिंकत जागा करून दिली.

गाडीखाली सरकून मी नट सोडला. काळपट तेल निघालं, करपल्यासारखा वास येणारं. जितकं निघेल तितकंच परत भरायचं, म्हणून मोजायला मायचं दुधाचं माप मागितलं. आमच्या म्हशी होत्या तोवर ती गावभर दूध घालायची, त्या वेळचं ते लिटरचं माप. तिने ते दिलं, पण तोंड असं केलं की ते आता परत घेणार नाही हे मला समजलं. साडेतीन मापं निघाली. नट घट्ट करून मी नरसाळ्यातून नवं लालभडक तेल ओतायला लागले. साडेतीन झाल्यावर थांबले.

"आखो टाक," आबा म्हणाले. काठी टेकत ते खळ्यापर्यंत आले होते. "कमी नको पडाले."

जीपच्या गिअरबॉक्सला बाजूला भोक असतं. त्यातून तेल सांडायला लागलं की भरलं असं समजायचं. आबांनी आयुष्यभर असंच केलं, आणि घाटात गाडी तापते म्हणून वर थोडं जास्तच. मी पुस्तक वाचलेली बाई, पण वर्षभरात पहिल्यांदाच ते या गाडीबद्दल काहीतरी बोलले होते. नाही म्हणवेना. जवळजवळ एक माप जादा ओतलं.

गावाबाहेर चक्कर मारून आले, इंजिन चालूच ठेवलं आणि गिअरच्या तेलाची पट्टी उपसली. तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर, आणि त्यात बुडबुडेच बुडबुडे. पुस्तकात लिहिलं होतं, जास्त तेल आत घुसळलं जातं, फेस होतो आणि मग गिअर नीट धरत नाहीत. मी पट्टी पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. प्रत्येक वेळी वेगळंच माप. शेवटी मी आबांवर ओरडले. मी म्हणाले, ही तुमची जीप नाही. ते काठीकडे बघत राहिले. मला तिथल्या तिथे स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

मिरच्यांमधून मायचा आवाज आला. "तो फेस शे. इतलं बी समजस नही का? दूध मापतांना मी काय करस? फेस बठू देस, मंग मापस."

इंजिन बंद केलं. चहा झाला. तेल निवलं, फेस बसला. मी पुन्हा खाली सरकले आणि जादा भरलेलं माप काढून घेतलं. आता पुस्तकाप्रमाणे इंजिन सुरू करून, ब्रेक दाबून धरून, गिअरचा दांडा एकेका खुणेवर थोडा वेळ थांबवत फिरवायचा होता, म्हणजे तेल सगळीकडे पोचतं. माझे हात कोपरापर्यंत बरबटलेले. मी काही विचार न करता म्हणाले, "आबा, तुम्ही बठा. ब्रेक दाबी धरा."

मी म्हणून गेले आणि मग कळलं काय म्हणाले ते.

आबा स्टिअरिंगच्या बाजूच्या दाराशी उभे राहिले. "मन्हा एकच पाय चालस," ते हळूच म्हणाले. तीस वर्षांत त्यांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"एकच लागस, आबा."

त्यांनी सीट पूर्ण मागे ढकलली. आधी बसले, मग ताठ पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला आणि बाजूला ठेवून दिला. इंजिन सुरू झालं. मी सांगत गेले, ते दांडा फिरवत गेले. गाडी उभ्या जागी किंचित मागे दबली, किंचित पुढे दबली, आणि दर वेळी ते मान हलवत होते. मी पट्टी पाहिली. गार तेलाच्या खुणेवर बरोबर.

"आते?"

"आता तेल गरम व्हायला हवं. पाच-सात किलोमीटर चालवून आणायची, मग खरी पातळी कळते." मी हात पुसायला चिंधी शोधत होते. वर पाहिलं तर आबा उतरले नव्हते. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

माय मिरच्या टाकून आली. "मी पुढे बठू?" तिने विचारलं. इतक्या वर्षांत जीपची पुढची सीट कायम पासिंजरची होती, ती सदा मागे, पोत्यांवर.

"मंग काय टपवर बठशी?" आबा म्हणाले.

दोघं गेले. मी खळ्यात तेलकट हातांनी उभी राहिले आणि खरंच रडले. मिरच्या होत्याच, कोणी विचारलं असतं तर सांगायला. पाच-सात किलोमीटरला सव्वा तास लागला. परत आले तेव्हा गाडीच्या चाकांना घाटाकडची तांबडी धूळ होती. झटका नाही, दणका नाही. आबांचा डावा पाय जिथे ठेवला होता तिथेच निवांत होता.

इंजिन चालू ठेवून मी पट्टी उपसली. तेल दोन खुणांच्या अगदी मधोमध, लाल, स्वच्छ, एकही बुडबुडा नाही. आणखी काहीही करायची गरज नव्हती.

"बराबर शे ना?" आबांनी आतून विचारलं.

मी पट्टी पुसली, पुन्हा घातली, पुन्हा पाहिली. "दिसतंय तर बरोबर," मी म्हणाले. "पण उद्या परत एकदा गरम करून पाहावं लागेल."

पट्टी घेऊन मी त्यांच्या दाराशी आले होते, त्यांना ती स्पष्ट दिसत होती. तीस वर्षं गाडीची तेलं पाहिलेला माणूस. त्यांनी इंजिन बंद केलं आणि चावी काढून सदऱ्याच्या खिशात टाकली.

"हां," ते म्हणाले. "उद्या बी देखी लेऊत."