डावीकडची ओळ

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. आईजवळ नाही, देवासमोर नाही, आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. रत्नागिरीत मला देवमाणूस म्हणणारे लोक आहेत. भर पावसात चिखल तुडवत बाळंतिणीच्या घरी जातो, म्हणून म्हणतात. तो शब्द कानावर आला की अंगाचा भडका उडतो. कसला देव? कुणाचा?

लढाई संपून फार दिवस झाले नव्हते, तेव्हा मी मुंबईहून डॉक्टर होऊन आलो. आमचे एक प्रोफेसर लढाईतल्या इस्पितळात काम करून आलेले होते. डोक्याला मागच्या बाजूने गोळी लागलेले शिपाई त्यांनी पाहिले होते — डोळे शाबूत, आणि दिसणं गेलेलं. कुणाचं पुरतं, कुणाचं अर्धं. ते सांगायचे, पाहण्याचं काम डोळ्यावर संपत नाही, तिथे ते सुरू होतं. डोळा उजेड घेतो आणि मज्जातंतूंवरून मागे धाडतो. वाटेत निम्मे तंतू बाजू बदलतात. त्यामुळे दोन्ही डोळ्यांपुढे डावीकडे जे जे असतं, ते सगळं मेंदूच्या उजव्या अर्ध्यात, पार मागे जाऊन पोचतं. तिथल्या पेशी आलेल्या खुणा जुळवतात, तेव्हा कुठे माणसाला समोरचा माणूस दिसतो. आपल्या तारघरासारखंच — धाडणारा कितीही चोख असो, पलीकडे घेणारा मेला तर तार आली काय आणि न आली काय.

आणखी एक गोष्ट ते सांगायचे. अर्धी नजर गेलेल्याला अर्धं जग काळं दिसत नाही. आत्ता तुमच्या पाठीमागे काय आहे? काळोख दिसतो का तिथे? नाही ना? तिथे काहीच नाही, आणि काही नाही हेही जाणवत नाही. तसंच त्याचं होतं. आपलं काही हरवलंय, हे त्याचं त्याला कळतच नाही.

हे मला तोंडपाठ होतं. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

माझ्या बायकोचं नाव यमुना. ती जिवंत असताना मी ते कधी उच्चारलं नाही, ‘अगं’वर भागवलं. एका दुपारी मी तिच्यावर ओरडत होतो. कशावरून, ते आठवत नाही — आठवत नाही याचाच आज जास्त संताप येतो. कढत पाणी नव्हतं, की सदरा सापडत नव्हता? असंच काहीतरी. ती म्हणाली, “हळू बोला हो, शेजारी ऐकतील.”

मी तिला ढकललं. दोन्ही हातांनी.

मागच्या पडवीच्या पायरीला जांभ्याचा चिरा होता. तिचं डोकं त्याच्यावर मागून आपटलं, उजवीकडे, अंबाड्याच्या वर. थोडा वेळ ती शुद्धीवर नव्हती. आई देवळात कीर्तनाला गेली होती. ती परत येईपर्यंत मी रक्त पुसलं, पायरी धुतली. जखम केसांत झाकली गेली. डोकं दुखतंय, निजलीय, एवढंच मी आईला सांगितलं.

ती उठून हिंडूफिरू लागली, आणि डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटायला लागला. पानातली डावीकडची चटणी, कोशिंबीर तशीच राहायला लागली. मी तिला समोर बसवलं. “माझ्या नाकाकडे बघ,” म्हणालो, आणि बोट डावीकडून हळूहळू आत आणलं. बोट नाकाच्या रेषेत येईपर्यंत तिला दिसलं नाही. एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. दोन्हींचं तेच. म्हणजे डोळ्यांचा प्रश्नच नव्हता. मला समजलं. त्याच क्षणी, पूर्ण समजलं.

“काय झालंय हो?” तिने विचारलं.

“काही नाही. अशक्तपणा आहे.”

तेवढ्यावर थांबलो असतो, तर कदाचित आज इतका जळफळाट झाला नसता. मी थांबलो नाही.

वडिलांचं वर्षश्राद्ध आलं. आमचे भाऊबंद जेवायला होते. आगराच्या बांधावरून आमचं त्यांच्याशी वाजलेलं होतं, वडिलांच्या नावासाठी म्हणून ते आले होते. पडवीत समोरासमोर दोन ओळी बसल्या. वाढायला येणाऱ्याच्या उजवीकडे आमच्या घरोब्यातले, डावीकडे भाऊबंद. तूप वाढायला सून हवी, म्हणून यमुना आली. ओळींच्या मधून चालत, उजवीकडच्या प्रत्येक पानावर वाकून तूप घालत ती पडवीच्या टोकाला गेली आणि तिथल्या दाराने स्वयंपाकघरात शिरली. डावीकडची अख्खी ओळ कोरड्या भातापुढे हात आवरून बसली. सगळ्यांना तूप पडल्याशिवाय आपल्याकडे कोण घास उचलतो?

तात्याकाकांनी घसा खाकरला. ते भाऊबंदांतले वडीलधारे. “काय हो डॉक्टर, गाय आमच्या बाजूने आटली वाटतं?”

ओळीत हशा पिकला. दुसरा म्हणाला, “नाही हो तात्या, आपल्याला तुपाची बाधा होते, हे वहिनींना आधीच कळलंय.”

आईने तिला पुन्हा पहिल्याच दाराने बाहेर बोलावलं. “काय गो, डोळे फुटले का तुझे?”

“मला दिसले नाहीत हो,” यमुना म्हणाली. तेव्हाही ती उजव्या ओळीकडेच बघत होती.

“अख्खी ओळ दिसली नाही?” आता तात्याकाका हसत नव्हते. “हा पंक्तिप्रपंच आहे, सूनबाई. श्राद्धाच्या पानावर! डॉक्टर, तुम्हीच सांगा. हिच्या डोळ्यांत काही दोष आहे का?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तीही — मान पार वळवून. तिच्या तोंडावर भीती नव्हती, हेच मला आजही सोसत नाही. तिला वाटत होतं, हे सांगतील. हे डॉक्टर आहेत.

मी म्हणालो, “डोळ्यांत काही दोष नाही.”

खरं होतं! अक्षरन्‌अक्षर खरं. कुठल्याही डॉक्टरने तिचे डोळे तपासून हेच सांगितलं असतं. माझी सगळी विद्या मी त्या एका वाक्यामागे लपायला वापरली. तुम्ही म्हणाल, घसरून पडली म्हणून सांगायचं. सुचलं होतं. पण मग कुठे पडली, कधी, तिथे कोण होतं, हे तिला विचारलं गेलं असतं, आणि ती खोटं बोलत नसे.

भाऊबंद पानावरून उठले. आईने यमुनाच्या हातून वाढणं काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, “डोळे चांगले आहेत, तर मग माझं मनच वाईट असेल ना? मला त्यांचा राग होता, असं मला वाटलं नव्हतं. पण असेल.”

मी पेपर वाचत होतो. वाचतच राहिलो.

‘वाढताना आधी मान डावीकडे वळव.’ एवढंच सांगायचं होतं. या एवढ्या शिकवणीवर तिने आयुष्यभर पंगती वाढल्या असत्या. औषध नको, खर्च नको. पण तसं सांगितलं की ‘का’ विचारणार, आणि त्या ‘का’च्या टोकाला ती पायरी होती.

हळदीकुंकू लावतानाही असंच दोन-तीनदा झालं. मग आईने तिच्या भावाला बोलावून घेतलं. तो तिला वेळणेश्वरला घेऊन गेला. स्वभाव सुधारला की आणू, असं ठरलं. मी ठरू दिलं. मांडवीच्या धक्क्यावर पोचवायला गेलो, तो तिच्या डाव्या हाताला उभा राहिलो. मुद्दाम. होडी सुटेपर्यंत ती मला माणसांत शोधत होती.

तिला कधीच आणलं नाही. ती गेल्या वर्षी वारली. तिचा भाऊ सांगायला आला. तिकडेही तिने कुणाला वाढलं नाही म्हणे. सोमवार, एकादशी, सगळे उपास धरले होते — मनातला दुजाभाव जावा म्हणून. शेवटच्या दुखण्यात तिने त्याच्याजवळ निरोप दिला होता. तो खाली बघत बोलला, “तुमच्या घरी तिच्या हातून पंक्तिप्रपंच घडला. त्याची तुम्ही क्षमा करावी, एवढंच तिचं मागणं होतं.”

तो उत्तरासाठी थांबला. घरात दुसरं कुणी नव्हतं. आई केव्हाच गेली होती. तात्याकाकाही राहिले नव्हते. आता कुणाला भ्यायचं होतं मला?

मी म्हणालो, “केली.”

त्याचे डोळे भरून आले. तो खाली वाकला आणि त्याने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी पाय मागे घेतले नाहीत.